मध्येच उठायचं नाही

माझा थोरला भाऊ यज्ञेश्वर याला मेंदूविषयी सगळं कळतं. हे मी म्हणत नाही, तोच म्हणतो. आमच्या शनिवार पेठेतल्या ज्येष्ठ नागरिक संघात त्याने ‘मेंदूतील रसायने आणि आपण’ या विषयावर दोनदा व्याख्यान दिलं आहे आणि लोकांनी ते दोनदा ऐकून घेतलं आहे, कारण नंतर बटाटेवडा असतो. डोपामिन, सेरोटोनिन, ॲसिटिलकोलीन ही नावं तो अशा थाटात घेतो की तिघं त्याच्या हाताखाली कारकून होते असं वाटावं. प्रत्यक्षात कारकून तोच होता. औषधांच्या एका घाऊक दुकानात त्याने जन्मभर बिलं फाडली आणि खोक्यांवरची नावं वाचून वाचून आपण निम्मे डॉक्टर झालो, असा त्याचा समज झाला. उरलेला निम्मा डॉक्टर तो निवृत्तीनंतर रविवारच्या पुरवण्या वाचून झाला.

पण मला सांगायचं आहे ते माझ्या वहिनीबद्दल. दादाला टाळून तिच्यापर्यंत पोचता येत नाही, म्हणून आधी त्याला उरकून घेतलं. त्यांच्या घरी गेलं तरी तसंच होतं, दार तोच उघडतो आणि दारातच काहीतरी समजावून सांगायला लागतो.

वहिनीचं नाव मंदाकिनी. ती पूजा सांगते. पुण्यात बायका पौरोहित्य शिकायला लागल्या त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती आणि वहिनीची पंचेचाळिशी उलटली होती. मूलबाळ नव्हतं. दुपारची झोप तिला कधी लागलीच नाही, म्हणून तिने दुपारच्या वर्गात नाव घातलं. दादाने तेव्हा जाहीर केलं होतं, “या वयात मेंदू नवीन काही घेत नाही. पेशी मरायला लागलेल्या असतात.” तेव्हा पुरवण्यांमध्ये पेशी मरत होत्या. रसायनं नंतर आली. वहिनीने कणीक तिंबताना, भाजी निवडताना, बँकेच्या रांगेत, जमेल तिथे घोकलं आणि त्या मेलेल्या पेशींच्या जिवावर गणपतीपूजनापासून लग्नविधीपर्यंत सगळं पाठ करून टाकलं. दादाला अजून शुभंकरोति संपूर्ण येत नाही.

ती पोथी समोर ठेवायची, पण उघडायची नाही. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि मधूनमधून यजमानाला साध्या मराठीत सांगायची की आत्ता आपण काय करतोय आणि कशासाठी. मी पोस्टातून निवृत्त झाल्यावर तिच्याबरोबर जायला लागले. तांदळाच्या राशी मांडून देणं, सुपाऱ्या पुसणं, विड्याची पानं लावणं असली कामं मी करते. एकाच इमारतीत वर ती आणि खाली मी, त्यामुळे ते सोयीचंही होतं.

आता या धंद्यातली एक गंमत सांगते. पुरुष गुरुजी पूजा सांगताना मध्येच फोन घेतात. “हं, बोला, नाही नाही, साखरपुड्यात आहे,” असं बोलतात, आणि यजमान हातात पाण्याची पळी धरून ताटकळतो. चहाला उठतात. तंबाखू थुंकायला उठणारेही मी पाहिले आहेत. कोणी हूं का चूं करत नाही. मात्र बाई पूजा सांगायला बसली की सगळ्या खोलीला शास्त्र आठवतं. ज्यांना स्वतःचं गोत्र आईला विचारावं लागतं ते बाईंची अनुस्वाराची चूक पकडायला टपून बसतात. म्हणून वहिनीने पहिल्यापासून एक नेम केला होता: आसनावर बसलं की आरती होईपर्यंत उठायचं नाही. बाकीच्या बायकांनीही तोच नेम केला होता. कोणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं, पण न सांगताच सगळ्यांना कळलं होतं.

साठी उलटल्यावर या नेमाने घात केला. वास्तुशांत म्हणजे सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत मांडी घालून बसणं. आदल्या रात्रीपासून वहिनी पाणी पीत नसे, सकाळी चहाही नाही, तरी होम पेटवायच्या सुमाराला तिचा चेहरा ओढलेला दिसायचा. मला कारण माहीत होतं. लघवी आवरत नव्हती. तिने हे दादाला सांगितलं, कारण नवऱ्याला नाही सांगायचं तर कोणाला. दादाला ‘लघवी’ हा शब्द उच्चारता येत नाही. तो ‘नैसर्गिक विधी’ म्हणतो. पण त्याच्या नदीकाठच्या कट्ट्यावर या नैसर्गिक विधीवर रोज सकाळी सखोल चर्चा चालते, कारण तिथल्या सगळ्यांचा तोच विषय आहे.

त्या कट्ट्याची एक पद्धत आहे. बायका जशा भाजीच्या वाट्या शेजारी देतात तसे हे निवृत्त पुरुष एकमेकांना गोळ्यांची पाकिटं देतात. “मला हिने फार आराम पडला, तू घेऊन बघ.” कोणाला कशासाठी दिली होती, किती दिवस घ्यायची होती, असल्या क्षुल्लक गोष्टींत ते शिरत नाहीत. दादाचा मित्र श्यामसुंदर याला त्याच्या डॉक्टरांनी मूत्राशय शांत ठेवायची गोळी दिली होती. त्याने अर्धं पाकीट दादाला दिलं, दादाने ते वहिनीला दिलं, आणि संपल्यावर जुन्या ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणत राहिला. “औषधांच्या लाइनमध्ये हयात गेली माझी,” तो म्हणाला, “मला चिठ्ठी कशाला?”

गोळीने काम केलं, यात खोटं नाही. वहिनी पुन्हा निवांत बसू लागली. मग होमाच्या धुराने शिंका यायच्या, त्यावर दादाने सर्दीची पिवळी गोळी सुरू केली. तीही लागू पडली. शिंक नाही, चुळबूळ नाही, उठणं नाही. बाई पाटावर ठेवलेल्या समईसारखी जागची हलेना. दादा येईल त्याला सांगायचा की मंदाकिनीची बैठक मी दुरुस्त केली.

आणि मग तिचं विसरणं सुरू झालं.

आधी मला ते विसरणं वाटलंच नाही. तोंडाला कोरड पडायची म्हणून ती अडखळते, असं वाटलं. एका सत्यनारायणाला तिने यजमानाला गोत्र विचारलं. त्याने सांगितलं. संकल्पाच्या वेळी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं. थोड्या वेळाने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तो हसून म्हणाला, “बाई, अजून तेच आहे.” सगळे हसले, वहिनीही हसली. मी हसले नाही, कारण मी तिच्या हाताकडे बघत होते. ती कलशाला दुसऱ्यांदा गंध लावत होती.

मग ते लग्न झालं. कर्वे रस्त्याजवळचा हॉल, मुलीचं नाव मृण्मयी. विसरणं सुरू व्हायच्या आधी वहिनीने त्याच हॉलमध्ये एक लग्न लावलं होतं, तिथल्या मुलीचं नाव उल्का. कन्यादानात मुलीच्या बापाकडून मुलीचं नाव वदवून घेतात. वहिनी स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाली, “उल्कानाम्नीं”. आणि मृण्मयीचा बाप, संस्कृत म्हणजे आपण काही विचारायचं नसतं अशा भक्तिभावाने, “उल्कानाम्नीं” म्हणून मोकळा झाला. म्हणजे त्या गृहस्थाने डोळे मिटून दुसऱ्याच कोणाच्या मुलीचं दान केलं. मुलीच्या आत्याने आरडाओरडा केला. वहिनीने माफी मागितली, पुन्हा सुरुवात केली, आणि पुन्हा उल्का म्हणाली. मी पुढे होऊन तिच्या कानात “मृण्मयी” म्हटलं. तिने मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून सहन होत नाही. ती घाबरली होती. इतक्या वर्षांत मी तिला घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

दादाच्या दृष्टीने ही पर्वणी होती. मेंदूवर व्याख्यान देणाऱ्या माणसाच्या घरातच मेंदूचा रुग्ण निघाला. त्याने त्याच संध्याकाळी निदान केलं: डोपामिन कमी पडलंय. बक्षीस मिळालं की डोपामिन सुटतं, डोपामिन सुटलं की मेंदू शिकतो. हे कुठेतरी उंदरांवर सिद्ध झालं होतं. हळदीकुंकवाला बायका ताटातल्या वस्तू झाकून ओळखायचा खेळ खेळतात ना, तो दादाने रोज सकाळी चहाच्या आधी सुरू केला. ताटात चमचा, किल्ली, लवंग, बटण, असं काहीबाही ठेवायचं, वहिनीला दाखवायचं, झाकायचं. ओळखलेल्या दर वस्तूमागे अर्धा पेढा. चुकलं तर पेढा मागे. ज्या बाईने घरोघर जाऊन लोकांचे संसार मंत्राने बांधून दिले तिला हा माणूस पोपटासारखा पेढा दाखवून शिकवत होता. वर, ती चुकली की तिला रागवायचा, आणि रागावतानाच समजावायचा की माणसावर रागावलं की त्याच्या डोक्यात कॉर्टिसोल वाढतं आणि त्याने आठवण पुसली जाते.

शिवाय बदाम, अक्रोड, ब्राह्मीचं तेल आणि ‘तू लक्षच देत नाहीस’ हे होतंच. दोन्ही गोळ्या अर्थातच वेळेवर चालू होत्या. त्या द्यायला दादा कधी विसरला नाही.

बातमी पसरायला पुण्यात वेळ लागत नाही. वहिनीच्या पुरोहित मंडळाकडे तक्रार गेली. मंडळाच्या प्रमुख बाई फार सुसंस्कृत आहेत. त्या कोणाला काढून टाकत नाहीत. त्या सत्कार करतात. पाडव्याला मंदाकिनीताईंचा हृद्य सत्कार करायचा असं ठरलं, शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि त्यानंतर ताईंनी ‘मार्गदर्शकाच्या भूमिकेत’ राहायचं. मार्गदर्शक म्हणजे ज्याला कोणी कामाला बोलावत नाही तो माणूस. माणूस जिवंत असताना त्याच्या गळ्यात हार घालून त्याला बाजूला करायची ही रीत आमच्याकडे इतकी रुळली आहे की ज्याला बाजूला करतात तोच आभाराचं भाषण करतो. दादा भाषण लिहायलाही बसला होता. वहिनीचं भाषण, दादाच्या शब्दांत.

त्या दुपारी वहिनी माझ्याकडे खाली आली. दादा वर झोपला होता. ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहिली आणि नळ सोडून तशीच रडायला लागली, आवाज वर जाऊ नये म्हणून. मी नळ बंद केला. म्हटलं, “रड, मोठ्याने रड. तो उठला तर मी बघते.”

“सुनीती,” ती म्हणाली, “मंत्र सगळे आहेत गं. एकदा सुरू झाले की पुढचे आपोआप येतात. पण मी आत्ता कुठे आहे, तेच मला सापडत नाही. वरुणाची पूजा झाली की नाही हे मला माहीत नसतं. मी ताम्हणातल्या फुलांकडे बघते. ओली असली तर झाली म्हणायची.”

मी तिला स्टूल ओढून दिलं.

“हे काम गेलं तर मी काय करू? वर बसून त्यांच्या ताटातली बटणं मोजू?”

मला इतका संताप आला की काय सांगू. तिचा नव्हे. दादाचा, त्या शालीचा, त्या फोनवर बोलणाऱ्या गुरुजींचा, सगळ्यांचा. दुसऱ्याच दिवशी मी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना तपासणाऱ्या एका डॉक्टरबाईंची वेळ घेतली. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, “त्या ज्या ज्या गोळ्या घेतात त्या सगळ्या पिशवीत घालून आणा. आयुर्वेदिकसुद्धा.” दादा बरोबर आलाच. त्याच्याशिवाय मेंदूचं काही होणं शक्य नव्हतं.

डॉक्टरबाई तरुण होत्या, म्हणजे चाळिशीच्या. दादाने त्यांना ‘बाळ’ म्हणायचं फक्त बाकी ठेवलं. त्यांनी वहिनीला बरंच काही विचारलं, चित्रं काढायला लावली, तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. वहिनीला एकही आठवला नाही. मग त्या सहज म्हणाल्या, “तुम्ही पूजा सांगता ना? काहीतरी म्हणून दाखवा.” वहिनीने डोळे मिटले आणि पुण्याहवाचनातला एक मोठा भाग कुठेही न अडखळता म्हटला. बाहेरच्या बाकावरची माणसं दारात येऊन उभी राहिली. डॉक्टरबाईंनी मध्ये थांबवलं नाही.

मग त्यांनी पिशवी टेबलावर ओतली. बदाम बाजूला सारले, ब्राह्मीचं तेल बाजूला सारलं आणि दोन पाकिटं हातात धरली.

“या कोणी दिल्या?”

“मी,” दादा म्हणाला. अभिमानाने म्हणाला, हे मला नोंदवायलाच हवं.

“ॲसिटिलकोलीन म्हणून मेंदूत एक रसायन असतं—”

“स्मृतीचं रसायन!” दादाने त्यांचं वाक्य तोंडातून काढून घेतलं. आणि मग माझ्या भावाने मेंदूच्या डॉक्टरला ॲसिटिलकोलीनची माहिती दिली. ते कुठे तयार होतं, नवी गोष्ट मनात ठसायला ते कसं लागतं, म्हातारपणी ते कसं कमी होतं, अक्रोडाने कसं वाढतं. त्यांनी अक्रोडापर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

“अक्रोडाचं सोडून बाकीचं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “आता पुढचं ऐका. मूत्राशयाला आवळायचा निरोपही तेच रसायन देतं. ही गोळी तो निरोप अडवते, म्हणून लघवी थांबते. पण गोळीला खालचं वरचं कळत नाही. या वयात ती डोक्यातही पोचते आणि तिथलेही निरोप अडवते. ही पिवळी सर्दीची गोळीही तेच करते. तुम्ही यांना दोन्ही बाजूंनी एकाच जातीचं औषध देत होतात. जुनं पाठ झालेलं पक्कं बसलंय, ते शाबूत आहे. नवीन काही आत शिरतच नाहीये. दहा मिनिटांपूर्वी ऐकलेलं नाव राहणार कसं?”

मला वाटलं, आता तरी हा माणूस वहिनीकडे बघेल. तो पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचत होता.

वहिनीने विचारलं, “म्हणजे मला तो आजार नाही?”

“आत्ताच छातीठोकपणे नाही सांगत. गोळ्या बंद करू, काही आठवड्यांनी परत बघू. पण मला वाटतं तुम्ही बऱ्याच सावराल.”

“आणि... ते? लघवीचं?”

“त्याला व्यायाम आहेत, ते शिकवते. आणि मुख्य म्हणजे लागायची वाट न बघता ठरावीक वेळाने उठून जाऊन यायचं.”

“पूजेत कसं उठणार?” दादाने विचारलं.

“पायांवर,” डॉक्टरबाई म्हणाल्या. मला त्या बाई त्या क्षणी फार आवडल्या.

गोळ्या बंद झाल्या. सुधारणा हळूहळू झाली. आधी तोंडाची कोरड गेली. मग एक दिवस वहिनी मला जिन्यात म्हणाली, “काल तू बटाट्याची पिशवी विसरली होतीस ना वर, घेऊन जा.” काल! तिला काल आठवत होता. मी जिन्यातच बसून घेतलं. पेढ्यांचा खेळ तिने स्वतः बंद केला. एके सकाळी दादाने ताट झाकल्यावर तिने सगळ्या वस्तूंची नावं सांगितली, पेढा त्याच्याच तोंडात घातला आणि ताट घासायला टाकलं. सगळं पूर्ववत झालं असं म्हणणार नाही. नवीन नावं धरून ठेवायला तिला अजून जोर लावावा लागायचा, मनातल्या मनात घोकावं लागायचं. पण घोकणं हे तिचं जुनंच काम होतं.

दादाने माफी मागितली का? छे. संघात त्याचं तिसरं व्याख्यान झालं: ‘औषधांचे छुपे धोके आणि कुटुंबप्रमुखाची सतर्कता’. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि बटाटेवडा खाल्ला.

राहता राहिला सत्कार. वहिनी प्रमुख बाईंना भेटली, डॉक्टरांचं सगळं सांगितलं, म्हणाली मला आता जमतंय. बाईंना मनापासून आनंद झाला. त्या म्हणाल्या, “पण ताई, हॉल ठरलाय.” तेवढ्यात शिवण्याहून निरोप आला. शिवणे म्हणजे खडकवासल्याच्या वाटेवरचं पूर्वीचं गाव, आता पुणंच. तिथले मच्छिंद्र म्हणून जमिनीचे व्यवहार करणारे गृहस्थ, त्यांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. त्यांच्या बहिणीचं लग्न वहिनीनेच लावलं होतं आणि त्यांची आई सोजरबाई हटून बसली होती, की त्याच बाई पाहिजेत. प्रमुख बाईंनी मोठ्या मनाने परवानगी दिली, पण अट घातली की यज्ञेश्वररावांनी पोथी घेऊन शेजारी बसावं. काही चुकलं तर सावरावं आणि कसं झालं ते मंडळाला कळवावं. म्हणजे ही परीक्षा होती आणि परीक्षक माझा भाऊ होता. इथे घसरली असती तर पाडव्याला शाल नक्की होती.

बंगला मोठा होता. दिवाणखान्यात गालिचे, मध्ये होमकुंड, चारी बाजूंनी माणसं. पुरुष मागे सोफ्यांवर, मोबाइल बघत, मधूनमधून बाहेर जाऊन येत. बायका पुढे जमिनीवर, अवघडून, भरजरी साड्यांत. दादा वहिनीच्या उजव्या हाताला पोथी उघडून बसला होता, चष्मा नाकाच्या टोकाला. वहिनीने संकल्प सांगितला. मच्छिंद्रचं नाव, त्याच्या बायकोचं, मुलांचं, सुनेचं, सगळ्यांची नावं तिने त्याच सकाळी तिथे ऐकली होती. तिने ती ओळीने, न अडखळता घेतली. मी सुपाऱ्या पुसायच्या थांबले होते, त्या पुन्हा पुसायला घेतल्या. दादाने पोथीत बोट धरून मान डोलावली, जणू त्यानेच सांगितली होती.

ग्रहांची पूजा झाली, होम पेटला. धुराने वहिनीला दोनदा शिंक आली, तिने पदराने नाक पुसलं. आणि मग मला तिचा चेहरा ओढलेला दिसला. मी ओळखलं. पूर्णाहुतीला अजून खूप वेळ होता. मनात म्हटलं, आवर गं, आजच्या दिवस आवर. असं वाटावं याची मला आता लाज वाटते, पण वाटलं खरं.

वहिनीने मंत्र एका जागी थांबवला. पळी ताम्हणात ठेवली. यजमानाला म्हणाली, “मला जरा बाथरूमला जाऊन यायचंय. पाच मिनिटं थांबू या.”

सोफ्यावरच्या पुरुषांनी मोबाइलमधून मान वर काढली. दादा तोंड लाल करून पुढे वाकला आणि दबक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, म्हणाला, “अगं, बस! थोडंच राहिलंय. मध्येच उठतात का?”

वहिनी उभी राहिली. तिला गुडघ्यांवर हात टेकावे लागले. म्हणाली, “इतके दिवस बसूनच होते ना मी? तेव्हा तुम्ही मला ताटातली बटणं ओळखायला लावत होता.” तिचा आवाज चढला नाही. मंत्र सांगायचा तोच आवाज होता, त्यामुळे शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

मच्छिंद्र पळी धरून तसाच बसला. तेवढ्यात पुढे बसलेली सोजरबाई सुनेच्या खांद्याचा आधार घेऊन उठायला लागली.

“थांबा वो बाई,” ती म्हणाली, “म्या बी येते. सकाळपास्नं दाबून बसलीया. तुमी उठंना, मंग म्या कशी उठू? मला वाटलं, द्येव कोपंल.”

“मामी, मलाबी जायचंय,” ती सून, म्हणजे मच्छिंद्रची बायकोच, सासूला पुटपुटली.

मग मागून कोणीतरी हसलं, आणि एकेक करत पुढच्या सगळ्या बायका उठायला लागल्या. लेकी, सुना, नणंदा, शेजारणी, साड्या सावरत, एकमेकींना हात देत. किती जणी किती वेळ तशा बसल्या होत्या कोण जाणे. नव्या बंगल्यात बाथरूम चार होती आणि चारही दारांपुढे रांगा लागल्या. दिवाणखान्यात उरले ते पुरुष, पेटलेला होम आणि पोथी घेतलेला माझा भाऊ. त्यांना काहीच करता येईना. यजमानीण शेजारी नसताना यजमानाला आहुती देता येत नाही, एवढं शास्त्र त्यांनाही माहीत होतं.

वहिनी पाय धुऊन परत आली, आसनावर बसली, आचमन केलं. दादा घाईघाईने पोथीची पानं उलटत होता. बायकांच्या रांगेकडे बघण्याच्या नादात त्याचं बोट कधीच सुटलं होतं. “कुठे होतो आपण?” त्याने विचारलं.

“मला माहीत आहे,” वहिनी म्हणाली. “आजी अजून यायच्या आहेत. त्यांना येऊ दे.”

सगळे थांबले. मच्छिंद्रने कुंडात एक समिधा सरकवली, जाळ विझू नये म्हणून. सोजरबाई सावकाश आली, ओले हात पदराला पुसले आणि आपल्या जागेवर बसली. वहिनीने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, आणि जिथे थांबली होती त्याच्या पुढच्या शब्दापासून सुरुवात केली.